बाजूने की विरोधात

मीच बोलतोय, सोनईतल्या हर्षलच्या शेअर ऑफिसातला कॉम्प्युटर. खाली खताचं दुकान, वर आम्ही. पंखा घरघरतोय माझा, पण तेवढं चालवून घ्या.

माझा जन्म नगरच्या एमआयडीसीतला, निर्झरा कॉम्प्युटर्सच्या शेडमधला. बायका-पोरी ओळीने बसून आम्हाला जोडायच्या. हर्षलने मला आणलं, हार घातला, आणि माझ्या पडद्यावर शेअरचे भाव हिरवे-लाल होऊ लागले. भाव चढला की माणसं मोठ्याने बोलायची. उतरला की चहा गार व्हायचा.

कल्याणअण्णा रोज यायचे. बागाईतदार, खाऊनपिऊन सुखी. त्यांची लेक स्नेहल त्याच शेडमध्ये कामाला होती, म्हणून त्यांनी सगळी शिल्लक निर्झराच्या शेअरमध्ये घातलेली. "लेकीची कंपनी हाय," असं कुणालाही सांगायचे. कॉलेजात कॉमर्स शिकवणाऱ्या रुपाली मॅडमनीही तेच शेअर घेतले होते.

गेल्या वर्षी कंपनीने जाहीर केलं : माझ्यासारखे छोटे कॉम्प्युटर बंद, नगरची शेड बंद. यापुढे फक्त डेटा सेंटरला लागणारे मोठे सर्व्हर. त्यावर शेअर असणाऱ्यांनी ऑनलाइन मत द्यायचं होतं.

"बरोबर निर्णय आहे," मॅडम म्हणाल्या. "लोकांचं काम मोबाईलवर भागतं. सुटे भाग बाहेरून येतात, तेही महागलेत. छोट्या मशीनमध्ये राहिलंय काय?"

"पन शाळा, हापिसं घेत्यात की अजून. आन त्ये सर्व्हर घेनार कोन? ऑर्डर हाय का हातात?"

"येतील ऑर्डरी. बाजार पुढचं बघतो, अण्णा. शेड बंद झाली की खर्च घटेल आणि भाव चढेल."

मी दोघांचं ऐकत होतो. माझ्याच घराण्याचा निकाल माझ्याच समोर लागत होता.

मत द्यायच्या दिवशी स्नेहल अण्णांबरोबर आली. नगरहून सकाळच्या एसटीने आली होती.

"अण्णा, विरोधात द्या."

"आपल्या एवढ्याशा शेअरनं काय थांबनार हाय का, पोरी?"

"नाही थांबणार. माहितीये मला. तरी द्या."

"अगं, तुझ्यासाठीच ठिवलेत ना हे शेअर? भाव वाढला तर तुझंच भलं हाय."

अण्णांनी माऊस हातात घेतला. बाण 'बाजूने' आणि 'विरोधात' यांच्यामध्ये दोनदा इकडून तिकडे गेला. मला वाटलं, आपणच बंद पडावं. पण ते आमच्या हातात नसतं. अण्णांनी 'बाजूने'वर दाबलं.

स्नेहल जिना उतरून गेली. अण्णा पडद्याकडेच बघत राहिले.

भाव खरंच चढला. मॅडमनी पेढे आणले. शेडला कुलूप लागलं. स्नेहलने नगरमध्ये बरीच दारं ठोठावली, शेवटी चाकणला गेली. तिचा फोन आधी आठवड्याने यायचा, मग सणाला, मग आलाच नाही.

सर्व्हरच्या ऑर्डरी आल्या नाहीत. भाव घसरला तो घसरतच गेला. हर्षल रोज सकाळी अण्णांचे शेअर विक्रीला लावायचा आणि घेणाराच नसायचा.

"माझा अंदाज चुकला, अण्णा," एक दिवस मॅडम म्हणाल्या. त्यांचंही सगळं गेलं होतं.

"अंदाज तुमचा हुता, मॅडम. बोट माझं हुतं."

त्यानंतर मॅडम ऑफिसात आल्या नाहीत. अण्णा अजून येतात. विचारायला काही उरलेलं नाही, तरी खुर्चीत बसतात आणि दुपारी उठून जातात. मध्ये ते चाकणला जाऊन आले. स्नेहल भेटली. तिने चहा केला, तब्येत विचारली आणि ड्युटीवर निघून गेली. हे त्यांनीच हर्षलला सांगितलं.

आता मीही वरचेवर बंद पडतो. दुरुस्तीवाला मला उघडून बघून गेला. म्हणाला, "ह्या कंपनीचे पार्ट आता मिळत न्हाईत." हर्षलने नवा लॅपटॉप घेतलाय.

एकच मागणं आहे. भंगारवाला येईल तेव्हा अण्णा समोर असतील, तर मला त्यांच्या डोळ्यांदेखत उचलू नका. ते घरी गेल्यावर न्या. येतो मी.