टबात उतरण्याआधीचा अर्धा तास

घड्याळवाल्या काकांचा आयुष्यभर एकाच गोष्टीवर विश्वास: अडलं की तेल. चाळीस वर्षं त्यांनी दुकानात बसून अडलेली घड्याळं सुईच्या टोकावरच्या थेंबानं चालती केली होती. त्यामुळे अर्धांगाच्या झटक्यानं काकूंचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा औषधांच्या पिशवीत तेलाची बाटलीही आली, यात नवल नव्हतं.

लेकीनं घरामागच्या पडवीत गरम पाण्याचा टब बसवून दिला. तो मात्र खरंच गुणाचा निघाला. बाहेर जो हात तसूभर हलायचा नाही, तो पाण्यात अलगद खांद्यापर्यंत वर यायचा. रोजची पंधरा मिनिटं काकूंचा हात त्यांचा स्वतःचा असायचा. त्याआधी अर्धा तास काका तेल लावून तो हात चोळायचे, बोटन् बोट.

पाण्याची जबाबदारीही काकांचीच. कागदी पट्टी पाण्यात बुडवायची, तिचा रंग डबीवरच्या रंगांशी ताडायचा आणि चमच्यानं मोजून क्लोरीनची भुकटी टाकायची. घड्याळजीच्या हातून माप चुकणं शक्य नव्हतं.

पण महिन्याभरात टबाला उग्र वास येऊ लागला. काकू काही बोलल्या नाहीत, तरी त्यांचे डोळे लाल व्हायचे. काकांना वाटलं, क्लोरीन जास्त होतंय. चमच्याचा अर्धा झाला, अर्ध्याचा पाव. पट्टी फिकी पडली. "पट्टीला काय कळतंय?" काका म्हणाले. पाव चमचाही दिवसाआड झाला, आणि वास कमी व्हायचं नाव घेईना. शेवटी काकूंच्या पाठीवर पुरळ उठलं. डॉक्टरांनी मलम दिलं आणि पाणी ठीक होईपर्यंत टबात पाऊल ठेवायचं नाही म्हणून बजावलं.

दोन आठवड्यांत काकूंची बोटं पुन्हा आत वळायला लागली. काकांनी टब दुरुस्त करणाऱ्या बाईला बोलावलं.

ती आली, पट्टी बुडवली, टबाच्या काठावरून बोट फिरवलं. बोटाला राखाडी, चिकट थर लागला.

"काका, क्लोरीन जास्त नाही, कमी पडतंय."

"मग हा वास?"

"ताज्या क्लोरीनला एवढा वास नसतो. मळाशी झुंजून झुंजून दमलेल्या क्लोरीनचा हा वास. पण दोन माणसांच्या घरात एवढा मळ येतो कुठून? उतरण्याआधी अंगाला काही लावता का?"

काकांचे कान लाल झाले. "तेल. हिच्या हाताला."

"घ्या! सगळं क्लोरीन त्या तेलातच खर्ची पडतंय."

तिनं टब रिकामा केला, गाळणी धुतली, नवं पाणी भरलं आणि क्लोरीनचा दणकट डोस टाकून झाकण उघडं ठेवलं. "पट्टी डबीवरच्या या रंगावर आली की उतरा. आज नाही, उद्या-परवा. आधी साध्या पाण्यानं अंग धुवायचं. आणि तेल बंद!"

ती गेल्यावर काका काकूंच्या पलंगापाशी मान खाली घालून उभे राहिले. "मीच गं तुझ्या हाताचं वाटोळं केलं."

"मला माहीत होतं," काकू म्हणाल्या.

"काय माहीत होतं?"

"तीस वर्षं लाँड्रीत कपडे धुतलेत मी. पाण्यावरचा तेलाचा तवंग मला दिसणार नाही? दुसऱ्याच दिवशी दिसला."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

काकूंनी चादरीची घडी डाव्या हातानं उगाच सारखी केली. "बोलले असते तर तुम्ही चोळणं बंद केलं असतं. एक्केचाळीस वर्षं झाली लग्नाला. रस्त्यानं चालताना तुम्ही दोन पावलं पुढे आणि घरात डोकं घड्याळात. असा अर्धा तास माझा हात कधी धरला होतात? वासाचं काय, सोसला असता. पुरळ उठेल हे मात्र खरंच ठाऊक नव्हतं हो."

काकांनी काकूंच्या देखतच टबवाल्या बाईला फोन लावला.

"काय झालं काका? पाणी गढूळ झालं का?"

"नाही, नाही. एक विचारायचं होतं." काकांनी घसा खाकरला. "तेल न लावता, नुसत्या कोरड्या हातानं चोळलं, तर पाण्याला काही होतं का?"

पलीकडे ती हसली. "पाण्याला काही होत नाही, काका. हवं तेवढं चोळा."

"बरं," म्हणून काकांनी फोन ठेवला, साबणानं हात धुतले, पुसले आणि खुर्ची पलंगाला टेकवून काकूंचा उजवा हात मांडीवर घेतला.

"अहो," काकू म्हणाल्या, "आज टबात उतरायचं नाहीये."

"माहीत आहे," काका म्हणाले.