लाइलची फुंकणी

विस्कॉन्सिनच्या या टोकाला एक वेळ चर्च चुकलं तर चालतं, शुक्रवारी संध्याकाळी गॉर्डीच्या बारमधले तळलेले मासे चुकत नाहीत. माझा धाकटा भाऊ लाइल तिथे आमच्या आईला दर आठवड्याला घेऊन यायचा आणि अख्खं गाव त्याच्यावरून जीव ओवाळून टाकायचं. "मुलगा असावा तर असा!" गॉर्डीची बायको मला ऐकवायची. मी दूर शहरात राहते ना, म्हणून.

हाच तो गुणाचा पुतळा पिऊन गाडी चालवताना दुसऱ्यांदा पकडला गेला होता. कोर्टाने त्याच्या ट्रकला फुंकणी बसवायला लावली. नळीत फुंकायचं, श्वासात दारू नसेल तरच इंजिन सुरू होतं. वाटेत ती मध्येच किंचाळते, की पुन्हा फुंकायचं. आता तरी हा सुधारेल, असं मला वाटलं होतं.

त्या शुक्रवारी मी न कळवता आले. लाइलने माझ्यासमोर तीन ब्रँडी रिचवल्या, मग आईच्या खांद्यावर कोट टाकत म्हणाला, "चल आई, निघू या."

तीन ब्रँडीनंतर हा ट्रक सुरू कसा करणार? मी मागोमाग बाहेर गेले. सिगारेट ओढायला गॉर्डी आणि दोघंतिघं हातात ग्लास घेऊन बर्फात उभे होते. ट्रकचं दार उघडंच होतं. आई आत बसली होती आणि लाइलने फुंकणी तिच्या तोंडाशी धरली होती.

रात्री नाकाला ऑक्सिजन लावून झोपणारी माझी आई गाल फुगवून फुंकत होती. निम्म्यातच तिला खोकल्याची उबळ आली. यंत्र कुरकुरलं.

"जोर लाव की जरा," लाइल म्हणाला. "थंडीनं गारठलोय मी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लाज नाही वाटत तुला?"

"तू मध्ये पडू नकोस, मार्लिस. तिला सवय आहे."

सवय! म्हणजे दर शुक्रवारी हेच. मासे नुसतं निमित्त, याला फुंकायला आई हवी होती. मी गॉर्डीकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"तुमच्या घरातली गोष्ट," तो बुटांकडे बघत म्हणाला.

"आई, उतर. माझ्या गाडीत चल."

"आणि हा कसा येईल घरी?" आईने सीट घट्ट धरली. "मी फुंकते गं. दमानं जमतं मला."

लाइल हसला. खरंच हसला तो.

मग मला भान राहिलं नाही. मी गॉर्डीच्या हातातला ब्रँडीचा ग्लास हिसकावला, मोठा घोट तोंडात घोळवला, बर्फावर थुंकला आणि लाइलच्या हातातली फुंकणी ओढून घेऊन छाती फुटेस्तोवर फुंकले.

लाल दिवा लागला. यंत्र केकाटलं आणि ट्रक बंद तो बंदच.

"अगं ए!" लाइलचा चेहरा उतरला. "हे थेट कोर्टात जातं! माझ्या नावावर!"

"जाऊ दे. नाहीतरी दारू तुझ्याच पोटात आहे."

"बहीण आहेस की वैरीण?"

"आज वैरीण. गॉर्डी, याला तुमच्याकडेच झोपवा. कौतुक तुम्हीच करत होतात ना?"

आईला मी जवळजवळ उचलूनच माझ्या गाडीत बसवलं. तोंड पाण्याने खळखळून धुतलं आणि निघाले. ती माझ्याकडे बघेना. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मला अजून लाइलला बडवावंसं वाटत होतं, गॉर्डीला, अख्ख्या गावाला. तिला कुणी एकदाही खाली उतरवलं नव्हतं.

घराच्या वळणावर ती रडायला लागली.

"तू धीर धरायला हवा होतास," ती म्हणाली. "माझ्यात अजून श्वास होता."