उलट्या रंगांची केबल

बायको गेली आणि वायरमनचं घर मागच्या खोलीएवढंच उरलं. तिथे ती कॉम्प्युटर नेटवर्किंगच्या शिकवण्या घ्यायची. भिंतीला टेकून जुने राउटर, खिळ्यांना केबलींची भेंडोळी, खिडकी रॅकनं झाकलेली. सकाळी ते आत शिरले की लेकीनं हाक मारेपर्यंत बाहेर पडायचं नाव नाही.

"बाबा, रविवारी भंगारवाला येतोय," लेक दारातून म्हणाली. "गाडून घेतलंय तुम्ही स्वतःला इथे."

"भंगार कसलं? सगळं चालू आहे."

"मग आईचे हे दोन राउटर जोडून दाखवा. जोडले गेले तर खोली राहील. नाहीतर कुलूप."

"बघच तू!" ते बोलून तर बसले. पण या खोलीत त्यांनी फक्त तिला उजेड दाखवायला बॅटरी धरली होती. काम ती करायची.

दोन्ही राउटर घरघरत सुरू झाले. केबल लावली, पण पोर्टवरचा दिवा लागेना. केबल बदलली, पोर्ट बदलले. दिवा ढिम्म. घामानं बनियन अंगाला चिकटलं. रविवार उद्यावर आला होता.

"केबली खराब असतील," लेक म्हणाली.

"शक्यच नाही. एकूण एक मी तपासलीय."

खोटं नव्हतं ते. ती गेल्यावर त्यांनी सगळ्या केबली काढून पाहिल्या होत्या. काहींच्या दोन टोकांचे रंग जुळत नव्हते. एकीकडे हिरवी तार, तर दुसरीकडे त्याच जागी नारिंगी. जन्मभर वायरिंग केलेल्या माणसाला हे बघवेना. शेवटच्या दिवसांत तिचे हात थरथरायचे, त्यातूनच चुकलं असणार. तिच्या कामाला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून त्यांनी ती टोकं कापून रंग सारखे जुळवले होते.

लेकीनं रॅकमागे हात घालून धुळीतून एक केबल ओढली. "ही राहिलीय."

रंग उलटे. त्यांनी कटर उचलला. "चुकलीय ती. थांब, नीट करतो."

"नीट केलेल्या सगळ्या लावून झाल्या ना! आहे तशीच लावा की."

त्यांनी कुरकुरत लावली. टक. दोन्हीकडे हिरवा दिवा.

तेव्हा कुठे त्यांना आठवलं. ती पोरांना बजावायची: नवी यंत्रं आपली आपण जुळवून घेतात, जुन्यांना ते कळत नाही. एकाची बोलायची तार दुसऱ्याच्या ऐकायच्या जागी तुम्हीच न्यायची, म्हणून एका टोकाचे रंग उलटे. ते शेजारी बॅटरी धरून उभे असत, आणि त्यांचं लक्ष नसे.

"चुकली नव्हती गं ती," ते खाली बसले. "हात चांगले होते तिचे. मीच कापल्या."

लेकीनं हिरव्या दिव्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "राहिली खोली. आता जेवायला तरी चला."

"थांब जरा. बॅटरी धर. त्या सगळ्या परत उलट्या करायच्यात."

लेकीनं स्टूल ओढून दाराला अडकवलं, दार मिटू नये म्हणून. मग बॅटरी उचलली.