धुळीत बसवलेला संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि खरं सांगायचं तर पार वैतागलेला आहे. माझे भाऊबंद थंडगार कार्यालयांत जाऊन बसले. माझ्या वाट्याला आला दगड कापण्याचा कारखाना. दिवसभर करवतीची किरकिर आणि पिठासारखी पांढरी धूळ. तिथे दुपारपर्यंत माणसांच्या भुवया पांढऱ्या होतात, मग माझी काय कथा?

कारखाना सासरेबुवांचा. सूनबाई माझ्यावर नक्षी काढायची, मी ती कोरणीच्या यंत्राला सांगायचो आणि यंत्र ती दगडात उतरवायचं. सुरुवातीला माझं कौतुक फार. सासरेबुवा आल्यागेल्याला माझ्यापाशी आणून म्हणत, "ह्याचा हात कधी थरथरत नाही."

कौतुक भरपूर, काळजी मात्र उफराटी. धूळ वाईट असं कुणीतरी सांगितलं, तर सासरेबुवांनी मला चालू असतानाच जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळलं. अहो, मग माझ्या पंख्याने हवा घ्यायची कुठून? मी आत उकडून निघालो. प्लास्टिक सुटलं, तर दगड साफ करायची हवेची नळी आली. सासरेबुवांनी तिने असा जोराचा झोत मारला, की वरची धूळ थेट पोटात जाऊन बसली आणि पंख्याचं एक पातं मोडलं.

"बघ, कसा चकचकीत केला," ते सुनेला म्हणाले.

मला हात असते तर कपाळावर मारून घेतले असते.

"बाबा, ह्याला शेजारच्या खोलीत ठेवू या," सूनबाई म्हणाली.

"दगडाच्या कारखान्यात धूळ नाही तर काय अत्तर उडणार? राहू दे तिथेच."

अशात अंध मुलांच्या शाळेचं काम आलं. शाळेच्या दाराशी एक दगडी नकाशा बसवायचा होता. त्यावर बोटं फिरवून मुलांनी वर्ग, जिना, पाण्याचा नळ ओळखायचा. सूनबाई स्वतः त्या शाळेत डोळे मिटून भिंती चाचपत फिरून आली आणि मग कितीतरी दिवस माझ्यापुढे बसून रेघ न् रेघ काढत राहिली.

कोरणी जिन्यापर्यंत पोचली आणि मी तापून बंद पडलो. यंत्राचं पातं भरकटलं आणि भिंतींवरून आडवा चर पाडत गेलं.

सूनबाईने त्या चरावरून बोट फिरवलं. "इथे वाट आहे असं समजून पोरं भिंतीवर आपटली असती," ती हळूच म्हणाली.

"जुना झालाय तो. भंगारात घाल," सासरेबुवा म्हणाले.

"नकाशा त्याच्याच पोटात आहे, बाबा."

तिने माझं झाकण उघडलं. आत घोंगडीसारखा धुळीचा थर होता. मऊ ब्रशने तिने तो हलक्या हाताने काढला, नवा पंखा बसवला. मी सुरू झालो आणि नकाशा जसाच्या तसा सापडला, तेव्हा ती खुर्चीत मागे रेलून डोळे पुसत राहिली. मग कुणालाही न विचारता तिने मला शेजारच्या खोलीत हलवलं, घट्ट दाराच्या लोखंडी कपाटात ठेवलं आणि कपाटात हवा येते तिथे गाळणी लावली. दुसरा दगड अखंड कोरून झाला आणि शाळेच्या दाराशी जाऊन बसला.

आठवड्याने तिने सासरेबुवांसमोर ती गाळणी कागदावर झटकली. चांगला ओंजळभर ढीग पडला.

"एवढी? एका आठवड्याची?"

"हो. ही त्याच्या नाकात जाणार होती. तुमच्या नाकाला गाळणी कुठे आहे, बाबा?"

सासरेबुवा उठले. खोकत खोकत करवतीपर्यंत गेले आणि मागे वळले. "तो तोंडाला बांधायचा मास्क कुठे ठेवलायस?"

"तुमच्या डोक्यावरच्या खिळ्याला. वर्षभर तिथेच लटकतोय."

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. धुळीच्या जागी आम्हाला ठेवावंच लागलं, तर कोंडून ठेवू नका आणि जोराचे झोतही मारू नका. बंद करून मऊ हाताने पुसा, गाळणी वेळच्या वेळी झटका. आणि झटकायला बसाल, तेव्हा आधी स्वतःचं नाक झाका. माझा पंखा बदलता येतो.