साठ मीटर

यादिराने वडिलांचा कामाचा शर्ट काठीच्या टोकावर उचलला आणि टबात सोडला. साबणाचा फेस बघता बघता तपकिरी झाला. त्यावर माशाचे तीन खवले ऐटीत तरंगत राहिले.

"शी! पापा, हा शर्ट धुवायचा नाही, पुरायचा!"

एलादियो नुसता हसला. पाळीवर जायच्या आधी तो पावात तळलेला मासा भरून खात होता. वीस वर्षं माशांचं पीठ दळणाऱ्या कारखान्यात काढून माणसाला मासा खाववतो तरी कसा? पेरूतल्या या चिंबोते बंदरात सगळ्यालाच तो वास होता. पडद्यांना, वह्यांना, तिच्या केसांनासुद्धा. लिमाची मावशी मिठी मारायची तीही श्वास रोखून.

वास परवडला. पण कारखान्यामागच्या नळातून पडणारं ते रक्तपाणी! गुलाबी, जाडसर, वर चरबीची साय. गेल्या आठवड्यात त्या सायीत एक पेलिकन पंख चिकटून बसला होता. यादिराची मैत्रीण शेर्ली तिथेच ओकली होती. तपासणीवाले आले की नळ कोरडा ठणठणीत. कुणी फोटो दाखवलाच, तर कारखान्याचं उत्तर ठरलेलं: जुना नळ आहे, आपोआप गळतो.

"तुला माहीत होतं?" तिने वडिलांना त्याच दिवशी विचारलं होतं.

"नळ काही मी बसवला नाही, पोरी."

तेव्हापासून तिला शर्टापेक्षा वडिलांचीच जास्त किळस येत होती.

दार ढकलून शेर्ली आत घुसली. तिच्या हातात शाळेच्या विज्ञान मंडळाचा ड्रोन होता.

"ए, आटप ना! एकला सोडतात पाणी, सगळे जेवायला बसले की."

"थांब गं, परतीची उंची टाकू दे. कारखान्याच्या टाक्यांमागे गेला की संपर्क तुटणार. मग तो आपला आपण तेवढा वर चढतो आणि नाकासमोर घरी येतो."

"टाक की तीस मीटर. टाक्या वीसच्या तर आहेत."

"किनाऱ्यावरून उडवणार?" एलादियोने ताटातून मान वर न काढता विचारलं.

शेर्लीने ड्रोन पाठीमागे लपवला. तो परातीएवढा होता, त्यामुळे लपला नाही.

"उंची जिथून उडतो तिथून मोजतात ना?" त्याने दातातला काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "किनारा कारखान्याहून तीन मीटर खाली आहे. धुराडं बेचाळीसचं. वर वीज अडवायचा दांडा, तो कुणी हिशोबात धरतच नाही. मी रंगवलाय तो. साठ टाक."

तो उठला. खुंटीवरचा कामाचा दुसरा शर्ट तसाच ठेवून त्याने रविवारी चर्चला घालायचा पांढरा शर्ट चढवला आणि निघून गेला.

"तुझे पापा आपल्याला गोत्यात तर आणत नाहीत ना?" शेर्ली कुजबुजली.

यादिराने तीस खोडून साठ टाकले.

एक वाजता किनाऱ्यावरून सोडलेला ड्रोन टाक्यांपलीकडे गेला आणि पडद्यावरचं चित्र चौकोन चौकोन होऊन फुटलं. यादिराने अंदाजानेच तो जागेवर धरून ठेवला. मग पडदा पार करडा झाला.

"गेला! आता सरांना काय तोंड दाखवायचं?" शेर्ली म्हणाली.

तेवढ्यात धुराड्याच्या धुरातून काळा ठिपका निघाला. लाल-पांढऱ्या दांड्यावरून सरळ, निवांत, घरी.

दोघींनी वाळूत बसूनच ड्रोनमधलं कार्ड लावून चित्रण पाहिलं. नळ. वरची लोखंडी चाकाची झडप. एक माणूस चालत आला, दोन्ही हातांनी चाक फिरवू लागला. गुलाबी धार सुटली. यादिराच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीआधी सुटतं तसलं.

घरघर ऐकून माणसाने वर पाहिलं. पळाला नाही. हेल्मेट काढून काखेत धरलं आणि चेहरा वर करून उभा राहिला, ओळखपत्राचा फोटो काढतात तसा. पांढऱ्या शर्टावर गुलाबी शिंतोडे उडत होते.

शेर्लीने चित्र तिथेच थांबवलं.

"तोंड पुसट करता येतं," मग ती म्हणाली.

"नको."

घरी आल्यावर यादिराने कार्ड पाकिटात घालून वर तपासणी कार्यालयाचा पत्ता लिहिला. मग ती अंगणात गेली. टबातलं पाणी आता गार पडलं होतं आणि आणखीच घाण सुटली होती. तिने काठी भिंतीला टेकवली, श्वास रोखला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले.