ढमक्या बोकडाची आठ चित्रांची उडी

मी एक जुना कार्टूनमधला बोकड आहे. नाव ढमक्या. हाडामांसाचा नाही, शाईचा. पण जीव माझ्यातही आहे आणि मागच्या रविवारी दुपारी तो जाता जाता राहिला.

मित्रांनो, नगरमध्ये दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या रंगनाथ पेंटरांनी मला काढलं. एका सेकंदाला चोवीस चित्रं! शेवटी शेवटी त्यांची शाई संपली, म्हणून अखेरच्या चित्रांत मला दाढी नाही. जत्रेच्या तंबूत मोठ्या सिनेमाआधी मला दाखवत. पाथर्डीकडे एकदा मी पडद्यावरच्या मेथीला तोंड लावलं, तर पहिल्या रांगेतल्या आजीनं चप्पल फेकली. ती अजून माझ्याकडेच आहे.

माझं सगळ्यात नावाजलेलं काम म्हणजे विहिरीवरून पलीकडे मारलेली उडी. पण रीळ तुटलं की फाटलेली चित्रं कापून टोकं चिकटवावी लागतात. दर जत्रेला माझी उडी तोकडी होत गेली. तीस चित्रांची होती, आठावर आली. मग घरोघरी टीव्ही आले, हाताहातांत मोबाईल आले आणि मी पत्र्याच्या डब्यात पडून राहिलो. बाकीच्या प्रती भंगारात गेल्या. जगात मी आता या एकाच रिळावर आहे.

रविवारी माझे जुने ऑपरेटर कानिफनाथ यांनी कोपरगावजवळच्या ऊसतोडीच्या तळावर मुलांसाठी मला बाहेर काढलं. पत्र्याच्या शेडच्या खिडक्यांना पोती लावून अंधार केला. मुलं खिदळत होती. मी विहिरीकडे धावत सुटलो, अन् कर्रकन आवाज आला. कानिफनाथांनी झटकन सिनेमाचं मशीन बंद केलं. उडीच्या आठही चित्रांच्या कडेची भोकं फाटली होती. त्याच भोकांत मशीनचे दात अडकतात.

"आवं, कापा की तेवढं," त्यांची बायको गोजरबाई म्हणाली. "आठ चित्रं ती काय! पापनी लवस्तवर जात्यात."

"अगं, ती त्याची उडी हाय. कापली तर ह्यो अल्याड दिसंल आन् एकदम पल्याड. मग त्यो ढमक्या कसला?"

"मग लावा मशीन!"

"मशीननं वढलं तर चिंध्या व्हत्याल. दुसरं रीळ काय तुज्या म्हायेरातनं आनू?"

कानिफनाथांनी मशीनच्या मोटारीचा पट्टा काढला आणि मला हातानं फिरवू लागले. जोरात फिरवलं तर मी फाटणार, हळू फिरवलं तर मशीनमधल्या दिव्याच्या धगीनं जळणार. पहिलं चित्र. दुसरं. मी जमिनीवरून उठलो. तिसऱ्यात माझ्या पाठीवर तांबूस डाग उमटला आणि फुगू लागला. खाली विहीर, वर आग! "सरक बाबा म्होरं, सरक," गोजरबाई मलाच विनवत होती. पाचव्यावर मी अडकलो. कानिफनाथांनी फाटकी कड उघड्या बोटानं पुढे लोटली. त्यांची चामडी भाजल्याचा वास आला. सहा. सात.

आठव्याला माझे पुढचे पाय पल्याडच्या काठाला लागले.

शेड टाळ्यांनी दणाणली. आणि मग सगळी पोरं एका सुरात ओरडली, "परत! परत दावा!"

कानिफनाथांनी भाजलेलं बोट तोंडात घातलं आणि दिवा विझवला.

मित्रांनो, टाळ्या मला अजूनही आवडतात. पण एखाद्या म्हाताऱ्याला "परत" म्हणण्याआधी एवढं विचारा, याची दुसरी प्रत कुणी काढून ठेवली आहे का? नसेल, तर आधी ती काढा. मग मी दिवसभर उड्या मारीन.