पायाखाली काय लागतंय

अण्णांना मी अट घातली तेव्हा माझ्या हातात वरणाचा डाव होता. डाव हातात असताना मी जे बोलते ते फारसं मनावर घ्यायचं नसतं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. अण्णांनी मात्र मनावर घेतलं.

अण्णा म्हणजे माझे वडील, खंडू. परभणीजवळच्या, गोदाकाठच्या आमच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते. आई, म्हणजे तुळसाबाई, गेल्या वर्षी गेली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला आणि मी अण्णांना इकडे मीरा रोडला, शांती नगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये घेऊन आले. त्यांनी कधी कटकट केली नाही. सकाळी गॅलरीतल्या खुर्चीत बसायचे ते जेवायलाच उठायचे. घरात चालताना भिंतीला तळहात घासत चालायचे, त्यामुळे हॉलच्या नव्या रंगावर कमरेएवढ्या उंचीवर एक मळकट पट्टा उमटला होता. त्या पट्ट्यावरून मी त्यांना दोनदा बोललेही होते. आणि दर रविवारी, न चुकता, ते एकच वाक्य बोलायचे, "पंचशीला, मला गावाला नेऊन सोड."

"एकटे राहणार? ह्या वयात?"

"मला काय झालंय? पाय चांगले धडधाकट हायेत."

त्या रविवारी माझं डोकं आधीच तापलेलं होतं. मी म्हणाले, "एवढे धडधाकट आहेत ना? मग समुद्रात पाय रोवून उभे राहून दाखवा. पडला नाहीत तर सोडते गावाला."

समुद्राचं नाव तोंडात आलं त्याचं कारण म्हणजे माझा नवरा लोकेश. त्याच्या ऑफिसातली मंडळी उत्तनकडे तारोडीला जाऊन आली होती. तिथे हंसाबाई म्हणून एक कोळीण सुकतीच्या वेळी, म्हणजे ओहोटी लागली की, हौशी लोकांना गुडघाभर पाण्यात चालवत नेते, गळ टाकायला शिकवते आणि भरतीच्या आत परत आणते. अण्णांचा जन्म नदीत गळ टाकण्यात गेलेला. ते वरणात भात कालवत म्हणाले, "चल मग. कवा जायचं?"

खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात खूश झाले. मला वाटलं, एकदा त्यांना इथलं पाणी आवडलं, हातात काठी आली, की गावाचं नाव काढणार नाहीत. दर रविवारी तारोडीला नेईन. म्हणजे त्या पाण्यात आम्ही दोघंही जिंकायलाच उतरणार होतो, फक्त मला वाटत होतं की ते माझ्या जाळ्यात येतायत.

हंसाबाई आम्हाला किनाऱ्यावर भेटल्या. साठीच्या, काटक, लुगड्याचा कासोटा घट्ट मारलेला, डोक्यावर कुठल्यातरी क्रिकेट टीमची टोपी. आमच्याबरोबर आणखी एकच गिऱ्हाईक होतं, बेव्हर्ली पार्कचा नीरज. त्याच्याकडे चकचकीत परदेशी रॉड होता, रबरी बूट होते आणि इतके खिसे असलेलं जाकीट होतं की गळ कुठल्या खिशात ठेवलाय ते त्यालाच सापडत नव्हतं. आम्हा दोघांना हंसाबाईंनी बांबूच्या काठ्या दिल्या.

"बूट घातलास तरी चालंल," त्या नीरजला म्हणाल्या, "पन मंग पायाला दिसत न्हाय. पानी गढूल हाय, डोल्यांचा उपेग न्हाय." मी आणि अण्णांनी चपला काढून वाळूत ठेवल्या.

मग त्यांनी नियम सांगितले. पाय उचलायचा नाही, वाळूवरून सरकवायचा. पाकट, म्हणजे एक चपटी मासळी, वाळूत अंग पुरून पडलेली असते. पाय हळू लागला तर ती आपली निघून जाते, अंगावर पडला तर शेपटीचा काटा मारते. दुसरं म्हणजे उजव्या हाताच्या काळ्या खडकाकडे कोणी जायचं नाही, त्याच्यावर कालवं, म्हणजे दगडाला घट्ट चिकटलेले शिंपले आहेत आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. आणि तिसरं, त्यांच्या घरात सासूपासून चालत आलेलं. त्या मधूनमधून हाक देणार, "पायाखाली काय?" आणि प्रत्येकाने आपल्या तळव्याला जे लागतंय ते ओरडून सांगायचं. वाळू असेल तर वाळू, चिखल तर चिखल, दगड तर दगड. त्यावरून कोण भरकटतंय ते त्यांना कळतं.

"आन् लाजायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "मोटे मोटे सायेब लाजतात."

आम्ही रांगेने निघालो. पुढे हंसाबाई, मग नीरज, मग मी, शेवटी अण्णा. पाणी कोमट होतं. दूरवर मचवे नांगरलेले, त्यांच्यावर रंगीत बावटे, आणि मागे किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील सुकत घातलेले. मीरा रोडला इतकी वर्षं राहून मी इथे कधी पाण्यात उतरले नव्हते. शनिवार-रविवार म्हणजे मॉल आणि धुणं.

"पायाखाली काय?"

"दगड... नाही नाही, काहीतरी कडक," नीरज म्हणाला.

"वाळू," मी म्हणाले.

"वाळू," अण्णा म्हणाले.

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा हाक आली. मी म्हणाले चिखल, अण्णा म्हणाले चिखल. मी म्हणाले शिंपले, अण्णा म्हणाले शिंपले. मी मागे वळून हसले, "अण्णा, शाळेत माझ्या वहीत बघून लिहायला हवं होतं तुम्ही." तेही हसले.

एका जागी हंसाबाईंनी आम्हाला थांबवलं, थोड्या थोड्या अंतरावर उभं केलं आणि गळाला कोळंबी लावून दिली. सरकत सरकत जागा बदला म्हणाल्या. आणि मग अण्णांकडे बघत राहावं असं झालं. त्यांनी काठी हातात तोलली, मनगटाने एक हलकासा झटका दिला, गळ वीसेक हात लांब जाऊन पडला. पाठ सरळ झाली होती. आई गेल्यापासून मी ती पाठ सरळ पाहिली नव्हती. पहिली शिंगाळी लागली ती त्यांनाच. तिचे काटे चुकवून त्यांनी ती अशी काही सोडवली की हंसाबाई म्हणाल्या, "काका, तुमी आमच्यातलेच."

"आम्ही गंगंवाले," अण्णा म्हणाले. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात.

नीरजचा गळ तोवर त्याच्याच जाकिटात अडकला होता. मी पोट धरून हसत होते. उन्हं अंगावर येत होती, वारा होता, आणि मला वाटलं, जमलं. हा माणूस आता माझ्याकडे राहणार.

"पायाखाली काय?" हंसाबाईंची हाक आली.

माझा पाय घोट्यापर्यंत रुतला होता. "चिखल," मी ओरडले.

"चिखल," अण्णांचा आवाज आला.

हंसाबाई उजवीकडे बघत होत्या. मी वळून पाहिलं. मासे शोधत अण्णा बरेच उजवीकडे सरकले होते. मी गुडघाभर पाण्यात होते आणि त्यांना पाणी जेमतेम घोट्याला लागत होतं. चिखलात माणूस खाली जातो. अण्णा वर चढले होते. काळ्या खडकाच्या कडेवर, कालवांवर, अनवाणी उभे राहून ते गळाकडे बघत मजेत हसत होते.

"काका, हलू नका," हंसाबाई म्हणाल्या. आवाज अजिबात चढवला नाही. त्या सरकत सरकत त्यांच्याकडे निघाल्या, मीही निघाले. अण्णांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझ्या तोंडावरून त्यांना काहीतरी कळलं असावं, कारण मग त्यांनी खाली पाहिलं. पाणी लाल झालं होतं.

आम्ही दोघींनी त्यांना दोन बाजूंनी धरून किनाऱ्यावर आणलं. हंसाबाईंनी प्यायच्या पाण्याने पाय धुतला. डाव्या तळव्यावर तीन-चार ठिकाणी चिरलं होतं, एक जखम चांगली खोल होती. मला बघवत नव्हतं. अण्णा मात्र दुसऱ्या कुणाचा पाय पाहावा तसे बघत होते.

"दुखतंय?"

"नाही."

"काहीच लागलं नाही तुम्हाला?"

साखरेच्या गोळ्या ते घेतात हे मला माहीत होतं. डबी मीच भरून देते. पण पायाचं कधी बोलले नव्हते.

"अण्णा, कधीपासून?"

"झाली असतील सहा-सात वर्षं. आधी बोटं बधिर झाली, मग सगळं."

मी चिडले. आता चिडायची वेळ होती का, तर नव्हती, पण मला घाबरता येत नाही, मी चिडतेच. "आणि मला आज कळतंय? आईला तरी माहीत होतं का?"

"तिला माहीत होतं म्हणूनच तर भागलं," अण्णा म्हणाले. हंसाबाई पायाला फडकं बांधत होत्या, त्यांच्या हाताकडे बघत ते बोलत होते. "ती म्होरं चालायची. उंबरा हाय, म्हणायची. चिखलाचा गारा झालाय. खडी टाकलीय. शेळीनं घाण केलीय. लोकास्नी वाटायचं, बाई लई बडबडी."

लोकांनाच काय, आम्हा पोरांनाही तसंच वाटायचं. आई बडबडी हे आमच्या घरातलं ठरलेलं वाक्य होतं. सुट्टीत गेले की मी तिला म्हणायची, आई, जरा तोंडाला विश्रांती दे. ती हसायची आणि पुन्हा सुरू व्हायची. मी वाळूत बसले होते तिथेच मला रडू फुटलं.

"मग तिथे एकटं कशाला जायचंय तुम्हाला?" मी डोळे पुसत विचारलं. "आता कोण सांगणार आहे?"

"तिथं सांगाया लागत नाही. घरापासून गंगंपर्यंत समदं पाठ हाय. डोळे झाकून जाईन. हितं तुझ्या फरशीवर मला कळत नाही, पाय टेकला का नाही. भिंत धरतो तर तुझा रंग खराब होतो." मग म्हणाले, "पण पडलो नाही तरी हरलोच मी. आता नाही म्हणणार जायचं."

इतक्या सरळपणे म्हणाले की मला जिंकल्याचा काही आनंद होईना. ते आता खरंच म्हणणार नव्हते, मी ओळखते त्यांना. गॅलरीत बसून राहिले असते, खुर्चीतून उठायची भीती वाटते म्हणून. आणि मी इतके महिने समजत होते की ते रुसलेत.

"हितून घरी न्हेऊ नको, सरल डॉक्टरकडं ने," हंसाबाई म्हणाल्या. "कालवाची जखम पिकते. साखर आसली तं जास्ती." नीरजने जाकीट काढून अण्णांच्या पायाखाली उशीसारखं दुमडून दिलं आणि पळत जाऊन रिक्षा आणली. त्याच्यावर हसल्याचं मला तेव्हा वाईट वाटलं.

डॉक्टरांनी टाके घातले, मला खडसावलं, अण्णांना त्याहून जास्त खडसावलं. बाहेर बाकड्यावर औषधांची वाट बघत बसलो असताना मी म्हणाले, "जखम पूर्ण भरली की गावाला सोडते."

अण्णांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "भरली का नाही हे कोण ठरवणार? मला तर कळत नाही."

"मी ठरवणार."

"मग झालं," ते म्हणाले.

रात्री चुलत भावाच्या बायकोला, समिधाला, फोन लावला. ती गावात आमच्या शेजारीच राहते. रोज दिवेलागणीला अण्णांचे तळवे बघशील का, आणि मला सांगशील का, असं विचारलं. ती म्हणाली, "विचारायचं काय त्यात, वन्सं?" लोकेशने ऐकलं. तो म्हणाला, "अगं, घाई काय आहे? भरली नाही म्हण आणखी दोन महिने. पावसाळा जाऊ दे." तो वाईट बोलत नव्हता. त्यालाही अण्णा हवे होते.

रोज संध्याकाळी मी खाली बसायची, अण्णांचा पाय मांडीवर घ्यायची, पट्टी सोडायची. ते वरून विचारायचे, "भरली?" मी म्हणायची, नाही अजून. आणि ते खरंच असायचं, तोवर काही प्रश्न नव्हता. त्या वेळात आम्ही जेवढं बोललो तेवढं मी लग्न होऊन आल्यापासून बोललो नव्हतो. आईचं, नदीचं, मी लहानपणी घाटावरून घसरले होते त्याचं. घरात ते चालायला निघाले की मीही आता बडबडत असायची. अण्णा, पायपुसणं. अण्णा, इथे ओलं आहे. लोकेश म्हणायचा, अगदी सासूबाई.

मग एका संध्याकाळी पट्टी सोडली तर आत नवी गुलाबी कातडी होती. खोल जखमेच्या जागीसुद्धा. मी बोटाने दाबून पाहिलं. सगळीकडून मिटली होती. खालच्या रस्त्यावर भाजीवाला हिंदीत ओरडत होता, कुकरची शिट्टी झाली, आणि मी पाय मांडीवर घेऊन नुसती बसून राहिले.

"भरली?" अण्णांनी विचारलं.

नाही म्हणायला काही लागत नव्हतं. त्यांना कळलं नसतं. उद्याही कळलं नसतं, परवाही नाही. मला त्यांना ठेवून घ्यायचं होतं. इतकं मनापासून मला कधी काही हवंसं वाटलं नव्हतं.

"भरली, अण्णा," मी म्हणाले.

त्यांनी पाय ओढून घेतला नाही, हात लावून खात्रीही करून घेतली नाही. बराच वेळ ते माझ्या डोक्याकडे बघत असावेत, मी मान खालीच घातली होती.

"मग तिकिटं काढ," ते म्हणाले. "दोन काढ. परभणीला उतरताना फलाट कुठं संपतो, ते मला कोण सांगणार?"